सुजलेल्या तोंडाची हजेरी

मुंबईत थंडी पडत नाही असं म्हणणाऱ्या माणसानं डिसेंबरात आमच्या मुलुंडला यावं आणि सकाळी सहाला गॅलरीत उभं राहून दाखवावं. मागे डोंगर, समोर चार टॉवरचं बांधकाम. डोंगरावरून गार वारा येतो, बांधकामावरून सिमेंट येतं आणि दोघांची गाठ माझ्या गालांवर पडते.

तसं माझं आणि माझ्या चेहऱ्याचं कधी फारसं बोलणं नव्हतं. दाढी करताना तो समोर यायचा, तेवढाच संबंध. मी अंबादास पाईकराव, भांडुपच्या एका कॉलेजात हेडक्लार्क. मला अभिमान होता तो वेळेचा. पंधरा जानेवारीला माझ्या नोकरीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि या पंचवीस वर्षांत माझ्या नावावर एकही लेट मार्क नव्हता. रोज दहाला पाच कमी असताना मी गेटातून आत. स्वतःच्या लग्नाची रजासुद्धा मी तीन प्रतींत अर्ज करून घेतली होती. सव्वीस जानेवारीला संस्था मला ‘अखंड वक्तशीरपणा’बद्दल मानपत्र देणार होती. मीरानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, हॉलमधलं कॅलेंडर आधीच काढून ठेवलं होतं. खिळा रिकामा होता. येता-जाता मी त्या खिळ्याकडे बघायचो.

आणि नेमकी त्याच्या आदल्या महिन्यात माझ्या चेहऱ्याची सालं निघायला लागली.

कारण आता कळतंय. थंडी आली की मी आंघोळीला कढत पाणी घेतो. लाल साबणाची एकच वडी टाळूपासून टाचेपर्यंत फिरवतो आणि वरून खरखरीत पंचानं खसाखसा पुसतो. माझे वडील असंच करायचे, पण ते परभणीत उन्हातान्हात राबायचे, त्यांची कातडी त्या तोडीची होती. माझी पंचवीस वर्षं पंख्याखाली मुरलेली. गाल ताणले गेले, नाकाशेजारी भेगा पडल्या, हसलो की चुरचुरायचं. आवक रजिस्टरवर पांढरा भुगा पडायचा. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तर “साहेब, वर रंगकाम चाललंय का?” असं छताकडे बघत विचारलं.

मी रीतसर एक फाईल उघडली. ‘चेहरा – तक्रार व उपाय’. इथेच माझी चूक झाली. घरात कुणी सल्ला दिला तर माणसं ऐकतात आणि सोडून देतात. हेडक्लार्कला ती सोय नसते. आमच्याकडे परिपत्रक आलं की त्याची अंमलबजावणी करायची. आधीच्या परिपत्रकाशी ते जुळतं की नाही, हे बघणं आमचं काम नाही.

पहिलं परिपत्रक मीराचं. “अहो, दुधाची साय लावा. पैसे नाहीत, पाणी नाही.” दुसरं आमच्या माधुरीचं. तिनं एक इवलीशी बाटली मागवली, तिला वर ड्रॉपर. “पप्पा, आठवड्यातून दोनदाच हं. आणि फक्त दोन थेंब. खूप स्ट्राँग आहे.” तिसरं दुसऱ्या मजल्यावरच्या धोंडिरामांचं. ते बँकेतून निवृत्त झाले असले तरी सल्ला देण्यातून निवृत्त झालेले नाहीत. जिन्यात मला अडवून त्यांनी माझी हनुवटी स्वतःच्या हातानं उजेडाकडे वळवली.

“पाईकराव, हे सगळं वरवरचं आहे. बेसन घ्या, हळद घ्या, त्यात अख्खं लिंबू पिळा आणि चांगलं रगडा. चटचटलं तर समजायचं, काम चालू झालं.”

चोवीस डिसेंबरला सकाळी मी तिन्ही परिपत्रकं एकदम लागू केली. साय, तिच्यावर दोनाऐवजी दहा थेंब, त्यावर बेसन-लिंबाचं रगडणं. काम चालू झालं. इतकं जोरात चालू झालं की नऊ वाजेपर्यंत माझं तोंड भरतासाठी भाजलेल्या वांग्यासारखं झालं. डोळ्यांच्या दोन फटी उरल्या. मीरा किंचाळली नाही, एवढंच. “आजच्या दिवस घरी राहा ना,” म्हणाली.

घरी राहणं शक्यच नव्हतं. आमच्या कॉलेजात चेहरा बघून हजेरी घेणारं मशीन आलं होतं आणि चेहरे नोंदवायचा तो शेवटचा दिवस होता. ‘चोवीस तारखेनंतर नोंदणी होणार नाही. कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही’ ही नोटीस बोर्डावर होती. खाली सही माझी होती. ‘कोणतीही’ला अधोरेखित मीच केलं होतं.

मशीन बसवायला आलेला अल्पेश कॅमेऱ्यातून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“काका, तुम्ही ओरिजिनल असेच आहात?”

“तुम्ही तुमचं काम करा.”

“नाही, म्हणजे चार दिवसांनी घेऊ या ना. सिस्टिम हाच फेस पकडून बसेल.”

मी त्याला बोर्डावरची नोटीस दाखवली. त्यानं खांदे उडवले आणि माझ्या वांग्याची सात कोनांतून नोंद केली.

दुसऱ्या दिवसापासून नाताळची सुट्टी लागली. माधुरीनं मला हाताला धरून स्टेशनजवळच्या डॉक्टर नेत्रा यांच्याकडे नेलं. ती मुलगी माझ्या माधुरीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण तिच्यासमोर मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. तिनं माझी फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, मिटली आणि टेबलाच्या खालच्या कप्प्यात टाकली.

“काका, आता काही लावायचं नाही. कोमट पाणी. तोंडाला साबण बंद. पंचानं घासायचं नाही, टिपायचं. आणि त्वचा ओलसर असतानाच हे बिनवासाचं क्रीम. बस्स. तुमची त्वचा कोरडी आहे, नाजूक आहे. तिला शांतपणे राहू द्या.”

माझ्या कुठल्याही अवयवाला आजवर कुणी नाजूक म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं. सात दिवसांत सूज उतरली, भेगा मिटल्या आणि दोन जानेवारीला मी आरशात बघितलं तर गाल चक्क मऊ झाले होते. मीरानं बोट लावून खात्री केली आणि लाजली. लग्नाला चोवीस वर्षं झाली आमच्या.

त्याच मऊ गालांनिशी मी दहाला पाच कमी असताना मशीनसमोर उभा राहिलो.

“ओळख पटली नाही,” मशीन बाईच्या आवाजात म्हणालं. “कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

मी पुन्हा प्रयत्न केला. चष्मा काढून, चष्मा घालून, हसून, न हसता. मागे रांग वाढली. भिंतीवरचं घड्याळ दहाला तीन कमी दाखवत होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं. मशीन बिचारं इमानदार होतं. त्याला दाखवलेला पाईकराव लाल होता, सुजलेला होता आणि फटींतून बघत होता. समोर उभा असलेला हा गुळगुळीत गृहस्थ कोण, हे त्याला कसं कळावं?

मी गेटाबाहेर धावलो. गेटाला लागूनच अंजनाबाईंची मासळीची पाटी असते. भांडुप कोळीवाड्यातल्या या बाई सत्तरीच्या आसपासच्या. आमच्या कॉलेजचे अर्धे प्राध्यापक त्यांना घाबरतात आणि उरलेले त्यांच्याकडून कोलंबी घेतात. हाताचा वास घालवायला त्यांच्या पाटीच्या कोपऱ्यात कायम दोन-चार लिंबं असतात.

“अंजनाबाई, एक लिंबू द्या. लवकर!”

“लिंबू? मासली नको?”

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. झाडाआड जाऊन अर्धं लिंबू गालांवर रगडलं, वरून रुमालानं खसाखसा घासलं. नव्या कोवळ्या कातडीवर ते जे झोंबलं, त्याचं वर्णन मी करणार नाही. डोळ्यांतून पाणी आलं, फटी आपोआप तयार झाल्या. मी मशीनसमोर उभा राहिलो.

“श्री. पाईकराव, आपले स्वागत आहे. वेळ : नऊ एकोणसाठ.”

आता कुणीही म्हणेल, यात काय, चेहरा पुन्हा नोंदवायचा. मीही गेलोच ना रजिस्ट्रार रत्नप्रभा मॅडमकडे. मॅडम नियमाच्या पक्क्या. त्यांनी मला फेरनोंदणीचा फॉर्म दिला. तो सांताक्रूझच्या मुख्य कार्यालयात जाणार, तिथून एकवीस दिवसांनी मंजुरी येणार. ‘चेहरा बदलण्याचे कारण’ या रकान्यात तीनच पर्याय होते : अपघात, शस्त्रक्रिया, इतर शारीरिक हानी. ‘बरा झाला’ हा पर्याय नव्हता. मी ‘इतर शारीरिक हानी’वर खूण करून फॉर्म पाठवला आणि मनात हिशेब केला. मंजुरी यायच्या आधीच माझी पंचवीस वर्षं पूर्ण होणार. तोवर मशीनला आवडणारा चेहरा रोज सकाळी त्याच्यापुढे ठेवणं मला भाग होतं. जुनं सहीचं मस्टर तर मीच दोरी बांधून कपाटात बंद केलं होतं.

मग सुरू झालं ते दुहेरी आयुष्य. संध्याकाळी कोमट पाणी, टिपणं, क्रीम, डॉक्टर नेत्रा म्हणाल्या तसं सगळं. सकाळी दहाला दहा कमी असताना झाडाआड लिंबू. संध्याकाळी मी माणसात यायचो, सकाळी वांग्यात. पुन्हा तपासायला गेलो तेव्हा डॉक्टर बुचकळ्यात पडल्या.

“काका, खरं सांगा, दुसरं काही लावताय का?”

“छे,” मी म्हणालो. पंचवीस वर्षांत कागदावर किंवा तोंडी मी खोटं बोललो नव्हतो, ते त्या दिवशी बोललो.

अंजनाबाई मात्र फसल्या नाहीत. पाचव्या दिवशी लिंबू हातात ठेवायच्या आधी त्यांनी माझं मनगट धरलं.

“काय रं भाऊ, लिंबू तोंडाला लावतंस ना तू? मी बगते रोज. सांजचा जातंस तवा चांगला असतंस, सकाली असा का करून घेतंस?”

मी सगळं सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. बोलताना मी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि थक्क झालो. आयुष्यभर ऊन, खाडीचा खारा वारा, गेटासमोरचा धुरळा सोसलेलं ते तोंड. सुरकुत्या होत्या, पण त्या हसून पडलेल्या. कातडी अशी तुकतुकीत, की आमच्या माधुरीच्या बाटल्यांनी शरमेनं झाकणं लावून घ्यावीत.

“अंजनाबाई, तुम्ही काय लावता हो?”

“खोबरेल. आंगोल झाली का वल्या तोंडाला थोरा चोलाचा. आनी काय?”

हेच मला डॉक्टर नेत्रा यांनी केबिनमध्ये बसवून, छापील कागदावर लिहून दिलं होतं. डॉक्टरांबद्दलचा माझा आदर त्यामुळे वाढला आणि अंजनाबाईंबद्दलचा तर आभाळाला टेकला.

“लिंबू सोर,” त्या म्हणाल्या. “तोंड जाईल तुजा.”

तोंड गेलंच. बारा जानेवारीला गालांवर खपल्या धरल्या. आता मी वांग्यासारखाही दिसत नव्हतो आणि पाईकरावांसारखाही नाही. “ओळख पटली नाही.” तेराला व्हॅसलिन फासून गेलो, तर मशीनला माझ्या जागी नुसता उजेड दिसला. चौदाला लिंबू लावायला हातच धजेना. तीन दिवस मी दहाला पाच कमी असताना कॉलेजात हजर होतो, दिवसभर काम करत होतो आणि सिस्टिमच्या लेखी गैरहजर होतो. पंचवीस वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस उरला होता.

“मला तुम्ही दिसताय, पाईकराव,” रत्नप्रभा मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच उतरला होता. “पण सिस्टिमला दिसत नाही आहात. मी काय करू?”

“गेटावरचा कॅमेरा, मॅडम?”

“तो दोन वर्षं आंब्याच्या झाडाकडे बघतोय. दुरुस्तीचं पत्र तुम्हीच पाठवलं होतंत.”

मी नियमांची पुस्तिका काढली. ती टाईप मीच केलेली, त्यामुळे अकरावं कलम मला पाठ होतं. यंत्र अडलं तर संस्थेशी संबंध नसलेल्या, पण त्या वेळी तिथं हजर असलेल्या माणसाची लेखी साक्ष चालते. सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा, दोन्ही हवं. कलम वाचताना मॅडमच्या आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच व्यक्ती आली. मॅडम शुक्रवारी तिच्याकडूनच बोंबील घेतात.

अंजनाबाईंनी पाटीवर ओलं गोणपाट टाकलं, पदर खोचला आणि पहिला मजला चढून आल्या. आमच्या ऑफिसात त्या पहिल्यांदाच येत होत्या. खुर्ची दिली तर म्हणाल्या, “नको, मासलीचा पानी लागंल.” उभ्याच राहिल्या.

“हे पाईकराव बारा, तेरा, चौदा तारखेला किती वाजता आले, सांगू शकाल?” मॅडमनी विचारलं.

“दाला पाच कमी. बाराला गल्यात मफलर व्हता. तेराला तोंड चकाकत व्हता. चवदाला लिंबू मांगितला, मी दिला नाय.”

मी डोळे मिटले. लिंबू! आता सगळं बाहेर येणार, मशीनला फसवल्याचा ठपका येणार, मानपत्र राहिलं बाजूला, मेमो मिळणार.

“लिंबू कशाला?” मॅडम माझ्याकडे वळल्या.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी बेसनापासून खपलीपर्यंत सगळं कबूल केलं. आपण किती मूर्खपणा केला हे मला आधीही माहीत होतं, पण मोठ्यानं म्हटल्यावर ते फारच स्पष्ट ऐकू आलं. मॅडमच्या आधी अंजनाबाईच बोलल्या.

“बाय, आयक. हा मानूस नवा लागला त्याच्या आदीपासून मी गेटावं बसते. एक दिस उशीर नाय. मना घराल नाय, मी ह्याला बगून टायम सांगते गिऱ्हाइकाला. तुमच्या मशीनीनं ह्याला नाय वलखला, म्हून ह्यानं सोताचा थोबार भाजून घेतला. मशीनीला इतकी अक्कल नाय, तर मानसाला तरी पायजे ना?”

मॅडमनी निमूटपणे साक्षीचा फॉर्म पुढे सरकवला.

मला वाटलं होतं, सही मीच करून द्यावी लागेल. अंजनाबाईंनी पेन घेतलं आणि सावकाश, एकेका अक्षरावर थांबत लिहिलं : अंजना चंदर कोळी. ‘ळी’ची वेलांटी तर अशी ऐटदार, की आमच्या मराठी विभागाला दाखवावी. मग त्यांनी डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला.

कागदावर एक निळा डाग उमटला. नुसता डाग.

“पुन्हा लावा,” मॅडम म्हणाल्या. पुन्हा डाग. मी अंगठा कापडानं पुसून दिला. मॅडमनी स्वतः तो धरून अलगद टेकवला. उजवा लावून पाहिला. एकाही ठशात एकही रेष नव्हती.

“नाय यायचा,” अंजनाबाई हसत म्हणाल्या. “बरफ नी कोलंबी सोलून सोलून गेला सगला. रेशनला पन मना अंगठ्यानं वलखत नाय. मंग तोंड दाखवते. तोंडाला वलखते पटकन.”

तो अंगठा अजून मॅडमच्या हातात होता. गुळगुळीत, फिकट, कडेला काट्यांचे जुने व्रण. मी तीन आठवडे माझ्या गालांच्या सालींची फाईल केली होती, दोन डॉक्टरी फेऱ्या मारल्या होत्या, घरदार वेठीला धरलं होतं. या बाईच्या बोटांवरून स्वतःची खूण निघून गेली होती आणि तिनं ते हसत, उभ्या उभ्या सांगितलं. मला फार लाज वाटली, आणि तिचं फार कौतुकही वाटलं.

मॅडमनी त्या निळ्या डागाशेजारी लिहिलं, ‘ठसा माझ्या समक्ष घेतला. साक्ष पूर्णपणे विश्वासार्ह.’ खाली सही केली, शिक्का मारला. माझे तिन्ही दिवस हजर झाले, आणि फेरनोंदणी होईपर्यंतचे पुढचे दिवसही याच साक्षीवर लावायचं ठरलं.

सव्वीस जानेवारीला मानपत्र मिळालं. खपल्या गेल्या होत्या, चेहरा ठीक होता. फोटोत मी बरा दिसतो. सत्काराला उत्तर देताना मी अखंड वक्तशीरपणाबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो, पण व्यासपीठावरून मला सारखं गेट दिसत होतं. मी पाच मिनिटं लवकर येतो, हे ज्या बाईला माहीत आहे, ती माझ्याही आधी तिथं येऊन बसलेली असते. सकाळी साडेसातपासून, माझ्या पंचवीस वर्षांच्याही आधीपासून. तिला मानपत्र देणारी संस्था अजून निघालेली नाही. मी दोन शब्दांत आभार मानून खाली बसलो. धोंडिराम मुद्दाम आले होते, ते म्हणाले, “बघा, आलं की नाही तेज? बेसन!”

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या बिनवासाच्या क्रीमची नवी ट्यूब अंजनाबाईंना हातांसाठी नेऊन दिली. त्यांनी हुंगून पाहिली, वास नाही याची खात्री केली आणि कमरेला खोचली. “रातचा लावीन,” म्हणाल्या.

मग मी कपाटातून ते जुनं मस्टर काढलं. दोरी सोडली, एका कोऱ्या पानावर ‘अंजना चंदर कोळी’ असं लिहिलं आणि तेव्हापासून रोज गेटातून आत आलो की पहिल्यांदा त्या पानावर ‘ह’ मांडतो. कुणी सांगितलेलं नाही, कुठल्याही नियमात बसत नाही. असं नियमात न बसणारं काम मी नोकरीत पहिल्यांदाच करतोय.

फेब्रुवारीत एक दिवस गेटाशी पाटी नव्हती. मला दिवसभर काम सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटी दिसताच मी ताडताड जाऊन समोर उभा राहिलो.

“काल कुठे होता तुम्ही?”

“नातीची हलद व्हती रं,” त्या म्हणाल्या. मग हातातलं पापलेट तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. “इतकी वरसं बसते इथं. नाय आले तर मना आजून कोनी इचारला नव्हता.”

मी वर गेलो. मस्टर उघडलं आणि कालच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं : रजा. नातीची हळद. मंजूर.